पाठीवरून खाली

दोन हजार नऊ साल, आमच्या मोजणीत बैलाचं वर्ष. त्या वर्षी जानेवारीत थोरल्या जाऊबाईंचे दोन्ही गुडघे बदलले आणि ऑक्टोबरात त्यांची सत्तरी झाली. ह्या दोहोंच्या मधे आमच्या घरात जेवढं वाजलं, तेवढं जमिनीच्या वाटण्यांच्या वेळीसुद्धा वाजलं नव्हतं.

आमच्या गामगोल गावात गुडघे थंडीतच बदलतात. पर्सिमनची केशरी फळं सोलून, दोऱ्यांना टांगून, सुकवून, पेट्यांत भरून रवाना झाली की डिसेंबर सरतो, आणि मग बायकांच्या गुडघ्यांचा हंगाम सुरू होतो. देगू शहरातल्या इस्पितळात गुडघ्यांच्या मजल्यावर सगळ्या आमच्यासारख्याच. कुणी लसणाच्या गावची, कुणी मिरचीच्या, कुणी द्राक्षांच्या. एकमेकींची नावं कुणालाच ठाऊक नव्हती.

"ए लसूण, तुझा कितीचा झाला?"

"पंच्याऐंशीचा. तुझा गं, मिरची?"

"नव्वद! सकाळी ओरडून ओरडून नव्वद."

कितीचा म्हणजे गुडघा किती अंश वाकतो ते. आमच्या मालबुन जाऊबाई त्या मजल्यावरच्या पर्सिमन. आणि पर्सिमनचा आकडा सगळ्यांत कमी.

त्याचं कारण मुनसिक, आई ओरडली की व्यायाम थांबवायला लावणारा. त्यांचा थोरला मुलगा, देगूत विमा कचेरीत साहेब. वाईट मुलगा असता तर ही गोष्ट घडलीच नसती.

आदल्या हंगामात तो एकदा न कळवता गावी आला होता. अंगणात शिरला आणि थबकला. जाऊबाई जमिनीवर बसून सरकत होत्या. शेतात बसायला बायका फोमची गोल गादी कमरेखाली बांधतात ना, तीच बांधलेली, आणि त्या गादीवर ढुंगणाने सरकत, एका हाताने पर्सिमनची पेटी ओढत त्या अंगण पार करत होत्या. उठून उभं राहण्यापेक्षा त्यांना ते सोपं वाटायचं. दोन वर्षं त्या अशाच फिरत होत्या, मला त्यात नवल राहिलं नव्हतं. पण मुनसिक दर रविवारी फोनवर विचारायचा, "आई, पाय कसे आहेत?" आणि ह्या सांगायच्या, "मस्त आहेत. ठेव आता, बिल येईल." त्याने ती पेटी उचलली, मागे जाऊन तोंड धुतलं, आणि त्याच आठवड्यात इस्पितळाची तारीख घेतली. मला नंतर म्हणाला, "काकू, दोन वर्षं मी 'मस्त' ह्या शब्दावर विश्वास ठेवला."

फेब्रुवारीत जाऊबाई घरी आल्या. गाडी आमच्या बोळात शिरत नाही. मुनसिक गाडीच्या दारापाशी उकिडवा बसला, पाठ पुढे केली आणि म्हणाला, "ये आई." त्या पाठीवर बसल्या. बोळ चढून, अंगण ओलांडून, ओट्याची पायरी चढून त्याने त्यांना थेट अंथरुणावर नेऊन ठेवलं. दोन्हीकडच्या दारांत बायका उभ्या होत्या. "असा मुलगा पोटी यावा गं," असं बोळाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू आलं.

मग तो दर शुक्रवारी संध्याकाळी यायचा आणि रविवारपर्यंत आईचे पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. संडासात पाठीवर, अंगणात उन्हाला पाठीवर, माझ्याकडे चहाला पाठीवर. बाकीचे दिवस मी होते. मी ताट अंथरुणापाशी न्यायचे, पाणी हातात द्यायचे. परसात कढईत बैलाचे गुडघे उकळत ठेवलेले, कारण गुडघ्याला गुडघ्याचं सूप चांगलं. जाऊबाई ते पिऊन तोंड वाकडं करायच्या. "पायात लोखंड, पोटात बैल. आता मला नांगराला जुंपा."

हसायचो आम्ही. पाय मात्र उशीवर सरळ, दोन ओंडक्यांसारखे.

---

सहा आठवड्यांनी तपासणी झाली. मुनसिक गाडी लावायला गेला होता, म्हणून आत जाऊबाईंबरोबर यंजू होती. यंजू म्हणजे त्याची बायको. देगूत एका शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य, रोज नऊशे पोरांना जेवू घालणारी. कमी बोलायची. लग्नाला वीस वर्षं झाली तरी आमच्या घरात ती पाहुणीसारखी ओट्याच्या कडेला बसायची. त्या दिवशीचं तिने मला पुढे इतक्यांदा सांगितलं की मीच तिथे होते असं वाटतं.

व्यायाम करवणारा प्यो म्हणून एक जाड माणूस होता, मानेवर कायम टॉवेल. त्याने गुडघ्याला मापपट्टी लावली, परत लावली.

"घरी कोण वाकवतं?"

"वाकवत कुणी नाही," यंजू म्हणाली. "आम्ही काळजी घेतो."

"म्हणजे काय करता?"

"आमचे हे उचलून नेतात."

"कुठे?"

"सगळीकडे."

प्योने पट्टी खाली ठेवली. "बाई, एवढं प्रेम केलेला गुडघा मी अजून पाहिला नव्हता. पासष्ट." जाऊबाईंना दुसऱ्या खोलीत नेल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "एप्रिलपर्यंत नव्वद ओलांडले नाहीत तर आतला व्रण धरून बसेल. मग बेशुद्ध करून वाकवावं लागतं, आणि तरी जमेलच असं नाही. जिने विसरा. साध्या खुर्चीवरून उठतानासुद्धा कुणीतरी ओढायला लागेल."

"दुखतं हो त्यांना."

"दुखणारच. न दुखता वाकवायची युक्ती सापडली तर मला कळवा, मी माझ्या आईला आणतो."

बाहेर आल्या तोवर मुनसिक धावत आला होता. आई दारात दिसताच तो इस्पितळाच्या चकचकीत फरशीवर उकिडवा बसला आणि पाठ पुढे केली. बाकावरच्या लोकांनी कौतुकाने पाहिलं. यंजूने त्या पाठीकडे पाहिलं. वीस वर्षं त्या पाठीचे सदरे तिने इस्त्री केले होते, पण त्या दिवशी ती पाठ तिला भिंतीसारखी दिसली.

सोमवारी तिने शाळेत रजा टाकली आणि मंगळवारी एका बॅगेसकट आमच्या बोळात हजर झाली.

---

मी ताट घेऊन निघाले होते.

"काकू, ते ओट्यावर ठेवा."

"का गं? त्या आत आहेत."

"बाहेर येतील. भूक लागली की येतील."

"अगं, गुडघे कापलेली बाई ती!"

"कापून दीड-दोन महिने झाले, काकू. आता शिवण पक्की आहे."

जाऊबाई आल्या नाहीत. सूप गार झालं. यंजूने ते परत गरम केलं आणि परत ओट्यावरच ठेवलं. तिसऱ्यांदा गरम केल्यावर आतून कुबड्यांची खटखट ऐकू आली, आणि तिच्याबरोबर अशा शिव्या, ज्या मी सासूबाई गेल्यापासून ऐकल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी खरं सुरू झालं. आमच्या खोल्यांच्या जमिनीवर तेल पाजलेला कागद असतो, गुळगुळीत. यंजूने जाऊबाईंना भिंतीला टेकून बसवलं, टाचेखाली पर्सिमनची प्लॅस्टिकची पिशवी ठेवली आणि म्हणाली, "ओढा टाच मागे." पिशवी सर्रकन सरकायची, पाय थरथरायचा, आणि जिथे थांबायचा तिथे यंजू पेन्सिलीने जमिनीवर रेघ मारायची.

"तू सून आहेस की तुरुंगातली जमादारीण?"

"अजून दोन बोटं, आई."

"माझ्या आईनेही मला एवढं रडवलं नाही!"

"दोन बोटं."

बोळात बातमी पसरायला किती वेळ लागतो! थोरलीची सून शहरातून आली आणि म्हातारीला छळते आहे. ती पसरवण्यात माझा वाटा मोठा होता, ते मी लपवत नाही. मीच गिमचन गावी इनसुकला फोन केला. इनसुक जाऊबाईंची मुलगी, तिचं केस कापायचं दुकान. शनिवारी ती दुकान बंद करून, अंगावरचा काळा ॲप्रन तसाच घेऊन आली. त्याच दिवशी मुनसिकही आलेला. आल्याआल्या तो आईला उचलायला वाकला होता आणि यंजू मधे उभी राहिली होती. मी अंगणात लसूण सोलत होते. म्हणजे हातात लसूण होता, कान ओट्यावर.

"वहिनी, तुला आई नाही का गं?" इनसुक पायरीवरूनच सुरू झाली. "तिच्या पायांवर सूज बघ! माणूस आहे का कणकेचा गोळा, मळायला?"

"सूज संध्याकाळी येते, बर्फ लावला की उतरते."

"ऐकलंस दादा? बर्फ म्हणे! तू काही बोलणार आहेस की नाही?"

"बाजूला हो, यंजू," मुनसिक म्हणाला. "आईला संडासला जायचंय."

"त्या जातील की. पाय आहेत त्यांना."

"तुझी आई असती तर केलं असतंस असं?"

यंजूचा चेहरा उतरला. "माझ्या आईला मी असंच उचलून ठेवलं होतं," ती म्हणाली. "म्हणून सांगते."

तिची आई शेवटची सहा वर्षं अंथरुणात होती, हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. त्याचं कारण आम्ही कधी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात आतून जाऊबाई बोलल्या. दारापर्यंत आल्या होत्या, चौकटीला धरून. "प्यो काय म्हणाला? ते मला कुणी सांगितलंच नाही."

यंजूने सांगितलं. पासष्ट, एप्रिल, बेशुद्ध करणं, सगळं.

"म्हणजे शेडच्या वरच्या मजल्यावर मला चढता येणार नाही?"

"असंच राहिलं तर नाही."

"आणि उतरता?"

"नाही, आई."

पर्सिमन सुकवायची आमची शेड दुमजली. वरच्या मजल्यावर खिंडीतला वारा लागतो, तिथे टांगलेला माल वेगळाच होतो, मधासारखा. चौदा पायऱ्या. नवरा गेल्यापासून तो मजला जाऊबाईंचाच.

"मुनसिक, तू देगूला जा," त्या म्हणाल्या.

"आई!"

"उन्हाळ्यापर्यंत येऊ नकोस. तू समोर दिसलास की माझे पाय आळशी होतात. इनसुक, तुझ्या दुकानात शनिवारची गर्दी असते ना? आणि धाकटे, तू तो लसूण पुन्हा पुन्हा काय सोलते आहेस, हातात एकच पाकळी आहे मघापासून. सूनबाई, पिशवी कुठंय?"

इनसुक रडत गेली. मुनसिक बोळात गाडीपाशी बराच वेळ उभा होता. त्याला काय वाटलं ते त्याने पुष्कळ वर्षांनी सांगितलं. आई मेल्यासारखं नाही, म्हणाला, आईने मला नोकरीवरून काढल्यासारखं वाटलं.

---

एप्रिलच्या आठ तारखेला, डोंगरावर अझेलिया फुललेला असताना, यंजूची पेन्सिल नव्वदच्या पुढे गेली. ती रेघ जाऊबाईंनी स्वतः परत गिरवून जाड केली.

यंजू देगूला परतली तरी रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "रेघ?" "एक बोट." "ठेवते." दोघींचं एवढंच बोलणं. वीस वर्षांत सासू-सुना एवढ्या नियमाने कधी बोलल्या नव्हत्या.

नव्या गुडघ्यांबरोबर राहायला शिकणं ही वेगळीच गोष्ट असते. ते महिनोन्‌महिने गरम लागायचे, थंडीत मांजर मांडीवर बसल्यासारखे. चालताना टकटक वाजायचे. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला हाताएवढा भाग बधिर राहिला तो राहिलाच. कुशीवर झोपताना दोन्हींच्या मधे उशी. मुनसिकने सोफा पाठवला, आणि आम्ही सगळ्यांनी आमच्या सवयीने तो पाठ टेकायला वापरला, जमिनीवर बसून. जाऊबाईंनाही एकदा भान राहिलं नाही. फोन वाजला, त्या बसल्या खाली, आणि फोन संपल्यावर उठताच येईना. मी गेले तेव्हा त्या दोन तास तिथेच बसून शेंगा सोलत होत्या, जणू त्यासाठीच बसल्या होत्या.

"उठा की."

"घाई काय आहे? शेंगा आहेत अजून."

टोपली रिकामी होती. मी खुर्ची आणून त्यांच्यापुढे ठेवली, त्यांनी तिच्यावर कोपरं रोवली आणि कुथत, हसत उभ्या राहिल्या. त्यानंतर सुताराकडून उंच खुर्ची आणि उंच टेबल करून घेतलं. जन्मभर जमिनीवर बसून पर्सिमन सोलणारी बाई टेबलाशी बसून सोलायला शिकली. आधी साल जाड निघायची. "शाळेत बसल्यासारखं वाटतं," म्हणायच्या. शाळा त्यांनी पाहिली नव्हती.

आमच्या गावात म्हाताऱ्या रिकाम्या बाबागाड्या ढकलत फिरतात, टेकायला. जूनपासून जाऊबाई बाबागाडीशिवाय निघाल्या. पंचायतीच्या बाकावरच्या बायकांपुढून त्या मुद्दाम दोनदा जायच्या.

---

सत्तरी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आली, पहिलं दहिवर पडून दोन दिवस झालेले, म्हणजे सोलणीच्या ऐन सुरुवातीला. आदल्या दिवशी सगळे जमले. मी आणि यंजू परसात तव्यावर भोपळ्याची धिरडी उलटत होतो. मुनसिक तिथे येऊन बसला आणि त्याने सांगितलं.

उद्या आईला पाठीवर घेऊन नाचल्यावर तो सगळ्या भाऊबंदांसमोर जाहीर करणार होता की आई आता देगूला त्याच्याकडे राहणार. बाराव्या मजल्यावर खोली तयार होती, लिफ्ट होती. शेड खालच्या गावच्या चुलतभावाला चालवायला देणार. इनसुकला विचारून झालं होतं, ती हो म्हणाली होती.

"आईंना विचारलंत?" यंजूने तव्यावरची नजर काढली नाही.

"विचारलं तर ती नाहीच म्हणेल. चौदा पायऱ्या आहेत, यंजू. एकटी बाई. फोन दोनदा वाजून उचलला नाही की मला ती पायऱ्यांखाली पडलेली दिसते."

"मी उद्या गप्प बसणार नाही."

"बोल. ह्या गावात तू आधीच वाईट ठरली आहेस. आणखी किती ठरायचंय?"

यंजूच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं, धिरडं करपलं. त्याला ते बोलल्याबरोबर लाज वाटली, कान लाल झाले होते, पण शब्द काही परत आत जात नाहीत.

आमच्याकडे सत्तरीला थोरला मुलगा आईला पाठीवर घेऊन नाचतो आणि त्या वेळी जे बोलतो ते पक्कं. आई पाठीवर असताना नाही म्हणाली असं कधी घडलेलं नाही. पाठीवर बसणं म्हणजेच हो. जाऊबाईंचं घर, तो मजला, तो वारा, सगळं त्या एका बसण्यावर होतं. आणि चारचौघांत मुलाची पाठ नाकारणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं.

पोटात ठेवणं मला जमत नाही. सकाळी समुद्रशेवाळाचं सूप देताना मी जाऊबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या गुलाबी रेशमी पोशाखात बसल्या होत्या, इनसुकने केस छान बसवलेले.

"तुझं सूप गार होतंय," एवढंच म्हणाल्या. "पी."

---

अंगणात चटया, फळांचे आणि तांदळाच्या वड्यांचे हातभर उंच मनोरे, मधे उकडलेला मोठा ऑक्टोपस. जाऊबाई खुर्चीत. मुलं, सुना, नातवंडं क्रमाने कपाळ जमिनीला लावून नमस्कार करून गेली. पांढरी दारू फिरली. इनसुकच्या नवऱ्याने ढोल घेतला. मग घराण्यातले सर्वांत म्हातारे काका ओरडले, "अरे, पाठ कुठंय? आईला जमिनीवर किती वेळ ठेवणार?"

मुनसिक पुढे आला. खुर्चीपुढे उकिडवा बसला. पाठ दिली. "ये, आई."

ढोल थांबला. यंजू उठायला लागली होती, मी तिचा हात दाबून धरला, का ते मलाही कळलं नाही.

"थांब हं बाळा," जाऊबाई म्हणाल्या. "अस्साच बस. हललास तर बघ."

त्या खुर्चीच्या हातांवर जोर न देता उठल्या. सोलणीच्या टेबलावर सकाळीच सोललेल्या पर्सिमनची एक माळ तयार होती, हंगामातली पहिली, ओली, दिव्यासारखी केशरी. ती त्यांनी खांद्यावर टाकली आणि अंगण ओलांडून शेडकडे निघाल्या. रेशमी घेर एका हातात उचललेला, टकटक टकटक.

पहिल्या पायरीवर पाय पडला तेव्हा लोकांना समजलं. कुणीतरी "अगंबाई" म्हणालं. चढताना त्या एकेका पायाने एकेक पायरी चढत होत्या, आम्ही चढतो तशा, दोन्ही पाय एका पायरीवर आणत नव्हत्या. सातव्या पायरीवर थांबल्या. मुनसिक उठू लागला. त्याचा खांदा दाबून खाली बसवणारा हात इनसुकचा होता.

"बस, दादा."

"पडेल ती."

"बस म्हणते ना! तुला हललास तर बघ म्हणालीये." आणि हे बोलताना ती रडत होती, कठड्यावरून नजर न काढता.

वर माळ टांगल्याचा बांबूचा आवाज आला. वारा होता. मग जाऊबाई जिन्याच्या तोंडाशी आल्या.

आता उतरणं. दहा वर्षं त्या जिना उलट उतरत होत्या. जिन्याकडे तोंड, आमच्याकडे पाठ, खेकड्यासारख्या एकेक पाय चाचपत. गावातल्या निम्म्या बायका अजून तशाच उतरतात, म्हणून सगळ्यांना माहीत होतं की खरं अवघड काय असतं. जाऊबाई आमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कठड्याला दोन बोटं लावली, धरलं नाही. आणि उतरल्या. चौदाच्या चौदा, सरळ पुढे बघत, एखाद्या पाहुणीसारख्या.

शेवटच्या पायरीवरून पाय अंगणात पडला आणि बाबागाडीवाल्या साऱ्या बायका एकदम ओरडल्या. ढोल कुणी न सांगताच सुरू झाला.

जाऊबाई घामाने भिजलेल्या, ओठांचा रंग उडालेला, मुनसिकपुढे येऊन उभ्या राहिल्या. "ऑगस्टपासून रोज दुपारी चढते. तुझी काकू झोपते तेव्हा. हं, आता बोल, तुला काय जाहीर करायचं होतं?"

मुनसिक इतका वेळ उकिडवा बसून पाय बधिर झालेला. त्याने आईच्या पायांकडे पाहिलं, शेडच्या वरच्या मजल्यावर हलणाऱ्या त्या एका माळेकडे पाहिलं.

"काही नाही, आई," तो म्हणाला. "म्हणत होतो, जेवून घ्या सगळे. गार होतंय."

हसण्याचा पूर आला. तो उठायला गेला तर त्याचेच गुडघे कडाडले आणि तो हातांवर पडला. "बस, बस तसाच," जाऊबाई म्हणाल्या. "पाठ रिकामी ठेवून उठायचं नसतं ह्या दिवशी. सूनबाई, ये इकडे."

यंजूने आजूबाजूला पाहिलं, दुसरी कुठली सून बोलावली आहे का म्हणून.

"तूच. बस त्याच्या पाठीवर."

"आई! लोक बघतायत."

"त्यासाठीच म्हणते. महिनोन्‌महिने लोक बोलले, आता बघू देत. ज्या बाईने मला खाली उतरवलं, तिला माझ्या मुलाने वर उचलायचं."

आमच्या गावात नवरा-बायको बाजारात जातानाही दहा पावलं अंतर ठेवून चालतात. म्हाताऱ्या काकांनी खाकरून आकाशाकडे पाहिलं. मुनसिकचे कान पुन्हा लाल. पण त्याने पाठ सरळ केली, हात मागे नेले आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "ये. काल मी बोललो ते चुकलंच."

यंजू बसली. नऊशे पोरांचं जेवण बघणारी बाई, वजनाला कमी नव्हती. तो डगमगला, इनसुकने मागून टेकू दिला, आणि मग तो अंगणभर फिरला, ढोलावर, जाऊबाईंना मधे ठेवून. यंजूने लाजून त्याच्या मानेत तोंड लपवलं होतं. दुसऱ्या फेरीत तिने ते वर काढलं. तिसऱ्या फेरीत ती हसत होती, मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता. तिला हसताना एवढे दात दिसतात, हे आम्हांला वीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

---

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. इनसुकने दुकानात दोन खुर्च्या वाढवल्या आणि पुढे स्वतःचा उजवा गुडघा बदलून घेतला. तिसऱ्याच दिवशी तिने प्योला शिव्या घातल्या, त्यामुळे तो म्हणाला की घराणं ओळखलं. प्यो आता त्या विभागाचा प्रमुख आहे, टॉवेल तोच असावा. खालच्या गावच्या चुलतभावाला शेड मिळाली नाही म्हणून तो दोन वर्षं आमच्याशी बोलला नाही, मग बोलला. मी माझे गुडघे बदलले नाहीत. भित्री आहे, आणि माझे अजून चालतात असं मी सगळ्यांना सांगते.

यंजूने शाळेतून निवृत्ती घेतली आणि गावी राहायला आली. वरच्या मजल्यावरचा माल आज तिच्या हाताखालून जातो, आणि बोळातल्या बायका कुणाचं ऑपरेशन ठरलं की आधी तिच्याकडे येतात, रडायला आणि ओरडा खायला. मुनसिक बाराव्या मजल्यावर एकटाच राहिला चार वर्षं, नोकरी संपेपर्यंत. शुक्रवारी यायचा. आता इथेच असतो, सोलायला बसतो, साल जाड काढतो.

जाऊबाई आणखी बारा हंगाम चढल्या-उतरल्या. शेवटची दोन वर्षं दिवसातून एकदाच, पण चढल्या. दोन हजार एकवीसच्या डिसेंबरात, पेट्या भरून झाल्यावर, एका सकाळी त्यांच्या छातीत दुखू लागलं. रुग्णवाहिका बोळाच्या तोंडाशी थांबली. तिथपर्यंतची ती शेवटची वाट त्या स्वतः चालत गेल्या, यंजूला काय काय कुठे ठेवलंय ते सांगत. मुनसिक बरोबर होता. त्याने दार उघडून धरलं, आणि त्या आत चढून बसेपर्यंत पाठ पुढे केली नाही, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले.